एसव्हीजी सगळीकडे चालतं म्हणतात, मग पीएनजी टाकून देऊ का?

रेघोट्या

मी विज्ञानाच्या आकृत्यांचा एक संग्रह सांभाळते. डोळ्याची रचना, हृदयाचे कप्पे, विद्युतमंडल, पानाचा आडवा छेद, असं सगळं. प्रत्येक आकृती दोन रूपांत ठेवलेली आहे: मूळ एसव्हीजी (रेषा-आकारांचं वर्णन, कितीही मोठं केलं तरी स्वच्छ) आणि त्यातूनच काढलेली पीएनजी (ठरावीक मापाचं ठिपक्यांचं चित्र). पान उघडलं की एक जुनी स्क्रिप्ट ब्राउझर तपासते आणि तो मागास वाटला तर पीएनजी पुढे करते. ही व्यवस्था आयई ८ च्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररच्या, काळातली. एखाद्या आकृतीत नाव दुरुस्त करायचं तरी दोन फायली बदलाव्या लागतात, आणि एक विसरली की वाचकांची पत्रं येतात.

तर पहिला प्रश्न: हा दुहेरी संसार आता मोडावा का?

दुसरा जरा ऐतिहासिक. एसव्हीजी १.० हे मानक सप्टेंबर २००१ मध्येच पक्कं झालं. मग पुढची दहा वर्षं आपण गोल कोपऱ्यांसाठी चार-चार चित्रं का कापत बसलो होतो? माझं मत असं की मानकात खोट नव्हती. वेबवर सगळ्यात मागे रेंगाळणारा ब्राउझरच तारीख ठरवतो, बाकीच्यांनी कितीही धावावं. पटत नसेल तर खोडून काढा.

ठिपका

मोडा. पुढचा प्रश्न?

जुनं_खोड

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, कारण तो काळ मी पाहिलाय.

सुरुवात २००१ ची नाही, १९९८ ची आहे. त्या वर्षी वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या दारात दोन प्रस्ताव काही आठवड्यांच्या अंतराने येऊन पडले. एक पीजीएमएल: अडोबी, आयबीएम, नेटस्केप आणि सन यांचा, छपाईच्या पोस्टस्क्रिप्ट भाषेच्या घराण्यातला. दुसरा व्हीएमएल: मायक्रोसॉफ्ट, मॅक्रोमीडिया आणि त्यांच्या जोडीदारांचा. समितीने दोन्ही बाजूला ठेवून तिसरंच काहीतरी करायचं ठरवलं, ते एसव्हीजी. गंमत म्हणजे मायक्रोसॉफ्टने निकालाची वाट पाहिली नाही. १९९९ च्या आयई ५ मध्ये व्हीएमएल घालून मोकळे झाले.

आता तारखा बघा. आयई ६ आला ऑगस्ट २००१ मध्ये. एसव्हीजी १.० ची अंतिम शिफारस (म्हणजे मानकाचा शिक्का) आली ४ सप्टेंबर २००१ रोजी. म्हणजे गाडी फलाटावरून सुटली आणि हे बॅगा घेऊन पोचले. पुढची गाडी, आयई ७, ऑक्टोबर २००६ मध्ये. तिच्यातही एसव्हीजीला जागा नव्हती. आयई ८ मध्येही नाही. आयई ९ मध्ये, मार्च २०११ ला, एकदाची मिळाली.

मधल्या काळात आधार होता ब्राउझरला जोडायच्या अडोबीच्या प्लगइनचा. फुकट होतं आणि त्या काळाच्या मानाने उत्तम होतं. फिल्टर, अॅनिमेशन, स्क्रिप्ट, सगळं चालायचं. पण वापरणाऱ्याला ते आधी उतरवून घ्यावं लागे. त्याची सहावी आवृत्ती चाचणीच्या पुढे कधी गेलीच नाही. २००५ च्या शेवटी अडोबीने मॅक्रोमीडिया विकत घेतली, तिचा फ्लॅश, म्हणजे हलत्या चित्रांचा प्रतिस्पर्धी प्लगइन, घरात आला. १ जानेवारी २००९ पासून प्लगइनला दिला जाणारा आधार बंद.

झब्बू

म्हणजे सवत घरात आली आणि थोरलीला माहेरी पाठवलं. 😄

जुनं_खोड

@झब्बू, अडोबीचं अधिकृत म्हणणं असं होतं की आता ब्राउझरच एसव्हीजी दाखवू लागलेत, तेव्हा प्लगइनची गरज उरली नाही. आयई सोडला तर ते खोटंही नव्हतं. ऑपेरा ८ आणि फायरफॉक्स १.५, दोन्ही २००५ चे. सफारी ३ हा २००७ चा. क्रोममध्ये पहिल्या दिवसापासून. पण "आयई सोडला तर" या तीन शब्दांत तेव्हा निम्म्याहून जास्त जग मावायचं.

अर्धविराम

रेघोट्याताई, तुमच्या मताला माझा अर्धाच होकार. सगळं खापर एका ब्राउझरवर फोडणं सोपं आहे, पण समितीनेही कमी गोंधळ घातलेला नाही.

१.१ ही जानेवारी २००३ ची. चांगली, आटोपशीर. त्यानंतर १.२ चे मसुदे उघडून बघा. चित्र काढण्याच्या मानकात नेटवर्क सॉकेट होते! फाइल अपलोड होतं, अनेक पानांचा दस्तऐवज होता, परिच्छेद आपोआप ओघवण्याची सोय होती. म्हणजे एचटीएमएल शेजारी असताना दुसरं एचटीएमएल उभारायचा घाट. ब्राउझर बनवणारे वैतागणार नाहीत तर काय? शेवटी पूर्ण १.२ गुंडाळली गेली आणि डिसेंबर २००८ मध्ये फक्त तिची टायनी (मोबाइलसाठीची छोटी) आवृत्ती बाहेर आली. १.१ ची सुधारित आवृत्ती आली थेट ऑगस्ट २०११ मध्ये. मधली आठ वर्षं डेस्कटॉपवरच्या एसव्हीजीत नवीन असं काहीच पक्कं झालं नाही.

आणि याचा फटका साध्या चित्रकारांनाही बसला. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरने ओघवता मजकूर १.२ च्या मसुद्याप्रमाणे लिहायला घेतला. मसुदा मेला, फायली राहिल्या. ब्राउझरमध्ये त्या मजकुराच्या जागी काही नाही तर काळा चौकोन.

पेन्सिलबहाद्दर

तो काळा चौकोन!! विकिपीडियावर चित्रं चढवणाऱ्या प्रत्येकाला तो एकदा तरी भेटलाय. कारण आता कळलं.

खिडकीवाला

सगळे मायक्रोसॉफ्टला झोडताहेत म्हणून दुसरी बाजू मांडतो. दगड मारायचे तर मारा.

व्हीएमएल १९९९ ला लाखो लोकांच्या मशीनवर होतं आणि चालत होतं. प्लगइन नको, काही उतरवायला नको. गुगल मॅप्स आयईमध्ये रस्त्याच्या निळ्या रेषा कशाने काढायचं? व्हीएमएलने. २००८ ला आलेली राफाएल लायब्ररी काय करायची? आयई दिसला की व्हीएमएल, बाकी कुठेही एसव्हीजी, आणि लिहिणाऱ्याला एकच कोड. म्हणजे जनतेला व्हेक्टर ग्राफिक्स (रेषा-आकारांनी बनलेली चित्रं) हवं होतं आणि मिळतही होतं, फक्त मानकाचा शिक्का त्यावर नव्हता. तेव्हा "दहा वर्षं वाया गेली" हे मला मान्य नाही.

अर्धविराम

मिळत होतं? व्हीएमएलमध्ये एखाद्या आकाराला अर्धपारदर्शक करून त्यावर काही फिरवून बघितलंय का कधी? नेमस्पेस जाहीर करा, बिहेवियर जोडा, आणि आयई ८ च्या मानक मोडमध्ये गेलात की अर्धं पुन्हा बसवा. एखादा नकाशा दोन-तीन हजार आकारांचा झाला की मशीनचा पंखा ऐकू यायचा.

खिडकीवाला

पंखा तर आजही ऐकू येतो. 🙂 आज पानात दहा हजार एसव्हीजी घटक टाका आणि माउस फिरवा. प्रत्येक घटक डॉममध्ये (ब्राउझर पानातल्या घटकांची ठेवतो त्या नोंदीत) बसतो, त्याची किंमत व्हीएमएललाही होती आणि एसव्हीजीलाही आहे. म्हणूनच दाट आलेख काढणारे शेवटी कॅनव्हासकडे, म्हणजे थेट ठिपके रंगवण्याकडे, वळतात.

ओवी

इतक्या चर्चेत मोबाइल कुणी आणलाच नाही. गंमत अशी की डेस्कटॉपवर भांडणं चालू असताना साध्या, बटणांच्या फोनवर एसव्हीजी येऊन बसलं होतं. एसव्हीजी टायनी थ्रीजीपीपी या मोबाइल संघटनेच्या मानकांत होतं, चित्रसंदेशांसाठी. जावाचे छोटे अॅप लिहिणाऱ्यांसाठी जेएसआर २२६ नावाची सोय होती. लहान पडदा, शंभर वेगवेगळी मापं, मेमरी नावापुरती. व्हेक्टरसाठी याहून चांगली जागा कुठली?

आणि मग स्मार्टफोन आले आणि गणित उलटलं. आयफोनवर एसव्हीजी चालायचं, पण अँड्रॉइडच्या मूळ ब्राउझरमध्ये ३.० आवृत्तीपर्यंत नव्हतंच. २.३ वाले फोन तर किती वर्षं लोकांच्या खिशात होते. आम्ही तेव्हा मोबाइलसाठी पीएनजी द्यायचो ते आयईमुळे नाही, अँड्रॉइडमुळे. तेव्हा रेघोट्याताईंचा सिद्धांत बरोबर आहे, फक्त रेंगाळणारा ब्राउझर दर वेळी तोच नसतो.

उलट दिशेचा धक्काही मोबाइलनेच दिला. २०१० च्या आयफोन ४ चा दाट पडदा आला आणि सगळ्यांची चिन्हं एका रात्रीत भुरकट दिसू लागली. दुप्पट मापाची, मग तिप्पट मापाची पीएनजी करता करता लोक दमले. माझ्या मते एसव्हीजीला घराघरात नेलं ते दाट पडद्यांनी. मानकाच्या समितीने नाही आणि आयई ९ नेही नाही.

ठिपका

ओवी, हे पटलं.

गुळगुळीत

मुद्दा राहिला बाजूला, इतिहासाचा तास सुरू झाला. मूळ प्रश्न: पीएनजी ठेवायची की नाही. ठिपका "मोडा" म्हणून गेले, पण "चालतं" म्हणजे काय ते आधी ठरवा. कुठला ब्राउझर काय चालवतो ते सांगणाऱ्या कॅनआययूज साइटवर हिरवा चौकोन दिसला की लोक उड्या मारतात. आयई ९ चा चौकोनही असाच होता. प्रत्यक्षात त्याच्यात फिल्टर नव्हते, ते १० मध्ये आले. फॉरेनऑब्जेक्ट (एसव्हीजीत एचटीएमएल बसवणारा टॅग) कुठल्याच आयईत कधी आलं नाही. स्मिल, म्हणजे एसव्हीजीच्या टॅगनीच लिहिलेलं अॅनिमेशन, नाही. व्ह्यूबॉक्स, म्हणजे चित्राची मूळ चौकट सांगणारा गुणधर्म, नसलेली फाइल दिली की आयई चित्राचं माप बदलण्याऐवजी त्याचा एक कोपरा दाखवायचा.

व्ह्यूबॉक्सवरून आठवलं. एसव्हीजीओ या साधनाने फायली बारीक केल्या असतील तर एकदा तपासून घ्या. रुंदी-उंची तेवढीच असेल तर ते व्ह्यूबॉक्स अनावश्यक समजून काढून टाकायचं, आणि बराच काळ तेच मूळ सेटिंग होतं. पुढे कुणी चित्र लहान करायला गेलं की बोंब.

कोनाडा

स्मिलचं प्रकरण तर "मानक म्हणजे काय" याचा नमुना आहे. १.१ मध्ये अॅनिमेशन आहे, शिफारस झालेली आहे, फायरफॉक्स आणि सफारीत चालतं. तरी २०१५ मध्ये क्रोमने जाहीर केलं की आम्ही हे मोडीत काढणार, सीएसएसने अॅनिमेशन करा. मायक्रोसॉफ्टने ते कधी घेतलेलंच नव्हतं. लोकांनी आरडाओरडा केला, कारण एका आकाराचं दुसऱ्या आकारात रूपांतर करणं सीएसएसने तेव्हा सगळीकडे जमत नव्हतं. पुढच्या वर्षी क्रोमने विचार स्थगित केला. रद्द नाही हं, स्थगित. मग २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एजनेच क्रोमचंच क्रोमियम इंजिन घेतलं आणि ज्या ब्राउझरमुळे स्मिल मरणार होतं तोच ते दाखवू लागला.

तात्पर्य काढत नाही, फक्त सांगतो की शिफारस हा जन्मदाखला आहे. पुढे पोर जगेल की नाही ते इंजिनं ठरवतात.

हिशेबनीस

एसव्हीजी २ चं काय झालं? २०१६ मध्ये उमेदवार शिफारस (अंतिम शिफारशीच्या आधीची पायरी), २०१८ मध्ये पुन्हा उमेदवार शिफारस. इतकी वर्षं उमेदवारी करून निवडून न आलेला दुसरा कुणी आठवत नाही.

झब्बू

डिपॉझिट तरी वाचलं का?

कोनाडा

अर्धंमुर्धं. त्यातल्या ज्या गोष्टी ब्राउझरना हव्या होत्या त्या त्यांनी उचलल्या: एक्सलिंक न लावता साधं एचरेफ, पेंट-ऑर्डर वगैरे. मेश ग्रेडियंट (जाळीवर पसरवलेल्या छटा) मात्र गळाला. इंकस्केपमध्ये काढता येतो, सुंदर दिसतो, ब्राउझरमध्ये दिसत नाही. रेघोट्याताई, हृदयाच्या आकृतीत छटा मेश वापरून दिल्या असतील तर हे तपासाच.

रेघोट्या

बाप रे, एवढं! सगळ्यांना धन्यवाद.

मेश वापरलेला नाही, साधे ग्रेडियंट आहेत. खरी अडचण वेगळीच आहे, ती लिहायची राहिली. आकृत्यांवरची नावं. "परितारिका", "दृष्टिपटल", "डावी जवनिका". ही मी मजकूर म्हणून ठेवलीत, अक्षरांचे वक्र (नुसते रेषांचे आकार) करून नाही. पानावर एक छानसा वेबफाँट आहे, पण आकृतीतली नावं कुठल्यातरी भलत्याच फाँटमध्ये दिसतात, आणि काही मशीनवर रेषेबाहेर जातात. पीएनजीत ही कटकट नाही, म्हणून ती काढायला हात धजत नाही.

गुळगुळीत

हा खरा प्रश्न. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर आयई ६ वाचला असता.

तुम्ही आकृती इमेज टॅगने लावताय. तसं केलं की एसव्हीजी स्वतःच्या बंद खोलीत राहतं. पानाचं सीएसएस आत जात नाही, पानाचा फाँट आत जात नाही, आणि त्या फाइलला बाहेरून काही मागवायचीही परवानगी नसते. स्क्रिप्टही चालत नाही. हे सुरक्षेसाठी मुद्दाम केलेलं आहे, सगळे ब्राउझर तसंच वागतात. म्हणून आत फाँटचं नुसतं नाव लिहिलेलं असेल तर मशीनवर तो बसवलेला असला तरच दिसेल, नाही तर मिळेल तो.

वाटा तीन. एसव्हीजी सरळ एचटीएमएलमध्ये ओता, म्हणजे पानाचा फाँट लागेल. किंवा फाँटमधली लागतील तेवढीच अक्षरं काढून डेटा यूआरआयने (पत्त्याच्या जागी फाँटच लिहून) त्याच फाइलीत कोंबा. किंवा अक्षरांचे वक्र करा.

पेन्सिलबहाद्दर

वक्रच करा. डोक्याला ताप नको. छापायला गेलं तरी तेच चालतं.

ओवी

अजिबात नको! वक्र केले की "परितारिका" हा शब्द फाइलीत उरतच नाही. शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला ती आकृती मुकी. मग पीएनजी आणि एसव्हीजीत फरक काय राहिला? वक्र केलेच तर निदान आत शीर्षक आणि वर्णनाचे टॅग भरा आणि मुळाला रोल म्हणून इमेज लिहा.

शिवाय शिकवण्याच्या आकृत्या आहेत. उद्या कुणाला त्या कन्नडमध्ये हव्या झाल्या तर? मजकूर ठेवला तर एसव्हीजीतल्या स्विच टॅगने एकाच फाइलीत अनेक भाषा ठेवता येतात. वाचकाच्या ब्राउझरची भाषा बघून नाव बदलतं. ही सोय पहिल्यापासून मानकात आहे आणि विकिमीडियावर भाषांतरित आकृत्यांसाठी वापरली जाते.

पेन्सिलबहाद्दर

ओवीताई, मुद्दा मान्य. पण देवनागरीचा जोडाक्षरांचा घोळ आहे त्याचं काय? मी एकदा वर्तुळाकार मार्गावर शब्द बसवायला गेलो तर शिरोरेषेचे तुकडे झाले.

जुनं_खोड

ते होणारच. मार्गावर मजकूर बसवताना प्रत्येक अक्षरसमूह वेगळा उचलून त्या जागेच्या कोनात फिरवला जातो. रोमन अक्षरं मुळातच सुटी, त्यांना फरक पडत नाही. आपली शिरोरेषा सलग, ती प्रत्येक सांध्यावर मोडते. वळण जितकं तीव्र तितकी फट मोठी. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी तेच. वर्तुळावरचं एखादं शीर्षक असेल तर तेवढं वक्रात काढा आणि शिरोरेषा हाताने जोडा, बाकी नावं सरळ रेषेत मजकूर म्हणून राहू द्या. सरळ मजकुरात जोडाक्षरांची काळजी नको. ब्राउझर एचटीएमएलसाठी अक्षरं जुळवणारं जे शेपिंग इंजिन वापरतो तेच इथेही वापरतो.

यावरून एक जुनी गोष्ट. एसव्हीजी १.१ मध्ये फाँटसुद्धा एसव्हीजीतच लिहायची सोय होती. ब्राउझरची परीक्षा घेणाऱ्या २००८ च्या अॅसिड३ चाचणीत तिचे गुण होते, म्हणून काही इंजिनांनी घाईघाईने ती बसवली. फायरफॉक्सने शेवटपर्यंत नकार दिला. २०११ मध्ये चाचणीतून तो भाग काढला गेला आणि २०१४ मध्ये क्रोमनेही ती सोय सोडली. लोक हळहळले, मी नाही. त्या फाँटमध्ये अरबीच्या रूपांसाठी एक गुणधर्म होता, पण वेलांटी आधी काढायची, रफार पुढच्या अक्षरावर न्यायचा, यासाठी काहीच नव्हतं. प्रत्येक जोडणी अख्खं अक्षर म्हणून वेगळी काढायची, एवढाच इलाज. आपल्या लिपीसाठी ते जन्मतःच निरुपयोगी होतं.

हिशेबनीस

म्हणजे फायरफॉक्सचा अडेलतट्टूपणा आपल्या पथ्यावर पडला. रेंगाळणारा दर वेळी वाईटच असतो असं नाही तर.

अर्धविराम

हिशेबनीसांचं हे वाक्य धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. सॉकेटवालं १.२ कुणीच बसवलं नाही, हेही बरंच झालं. आज प्रत्येक चित्र स्वतःचं नेटवर्क उघडून बसलं असतं तर कल्पना करा.

खिडकीवाला

शेवटी मीच जिंकलो की. न बसवणं हीसुद्धा सेवाच! 😎

कोनाडा

खिडकीवाले, सॉकेट न बसवणं वेगळं आणि साधा वर्तुळाचा टॅग दहा वर्षं न बसवणं वेगळं.

ठिपका

रेघोट्याताई, "मोडा" म्हणालो होतो, आता थोडं सविस्तर. पानावरची पीएनजी आणि ती ब्राउझर हुंगणारी स्क्रिप्ट, दोन्ही काढा. आयई जून २०२२ मध्ये निवृत्त झाला, त्याच्यासाठी इतरांना जड पान का द्यायचं? पण पीएनजी बनवण्याची यंत्रणा पुसू नका. आकृतीची लिंक कुणी सोशल मीडियावर टाकली तर तिथल्या छोट्या चित्राला एसव्हीजी चालत नाही. ईमेलमध्येही त्याचा भरवसा नाही, जीमेल दाखवत नाही. म्हणून मूळ फाइल एकच, एसव्हीजी, आणि प्रसिद्ध करताना तिच्यातून पीएनजी आपोआप काढली जाईल असं करा. विकिपीडिया वर्षानुवर्षं हेच करतो: चढवता एसव्हीजी, पानावर दिसते सर्व्हरवर तिच्यातून काढलेली पीएनजी. दोन फायली हाताने सांभाळणं, हा तुमचा खरा त्रास आहे.

रेघोट्या

हे जमण्यासारखं आहे. नावं मजकूर म्हणूनच ठेवते आणि आकृत्या थेट पानात ओतते. ओवीचं स्विचचं प्रकरण आधी एका आकृतीवर करून बघते. एक शंका: वाचक स्वतः काढलेल्या आकृत्या पाठवतात, त्याही अशाच ओतल्या तर?

गुळगुळीत

थांबा! परक्याची फाइल थेट पानात ओतू नका. एसव्हीजीत स्क्रिप्ट असू शकते, ऑनलोडसारखे गुणधर्म असू शकतात, आणि पानात ओतलं की ते तुमच्या पानाच्या अधिकाराने चालतं. फाइल नुसती पत्त्यावर उघडली तरी चालतं. वर्डप्रेस मूळ सेटिंगमध्ये एसव्हीजी चढवू देत नाही ते याच कारणाने. वाचकांच्या आकृत्या सॅनिटायझरमधून (धोकादायक भाग गाळणाऱ्या साधनातून) काढा, आणि त्यानंतरही इमेज टॅगनेच लावा. तिथे मघाची बंद खोली तुमच्या कामाला येईल. फाँटचं रडगाणं त्या आकृत्यांपुरतं सहन करा, किंवा डेटा यूआरआयने कोंबा.

पेन्सिलबहाद्दर

अजून एक. फायली एसव्हीजीझेड (जीझिपने दाबलेली एसव्हीजी) करून ठेवल्या असतील तर सर्व्हरकडून कंटेंट-एन्कोडिंगमध्ये जीझिप असा हेडर जातोय का बघा. तो नसेल तर ब्राउझर दाबलेली फाइल तशीच एक्सएमएल म्हणून वाचायला जातो आणि चित्राऐवजी चूक दाखवतो. त्यापेक्षा साधी एसव्हीजी ठेवा आणि दाबायचं काम सर्व्हरवर सोडा.

रेघोट्या

एसव्हीजीझेड आहेत काही, जुन्या. आज रात्री हेडर बघते आणि इथे कळवते.